यकृत, मेद आणि मद्य : एका जुन्या वादाचा इतिहास

आजच्या भाषणाचा विषय वैद्यकांतला असला तरी बोलणारा वैद्य नाहीं. मी एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि हयात गेली ती मुलांना भाषा व इतिहास शिकविण्यांत. तेव्हां रोगावर उपचार सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला म्हणजे केवढा अनर्थ होतो, हें सांगण्याचा अधिकार भाषा शिकविणाराला असावा. आणि तो शब्द कोठून आला, हें सांगण्याचा अधिकार इतिहास शिकविणाराला.

माझे एक सहाध्यापक होते. गणित शिकवीत. पोट थोडें सुटलेलें, मधुमेह जडलेला, आणि निवृत्तीनंतर रोज रात्रीं जेवणापूर्वीं दोन पेग घेण्याची संवय लागलेली. एकदां सोनोग्राफींत त्यांच्या यकृतावर चरबी दिसली. डॉक्टरांनीं मद्याविषयीं विचारलें तेव्हां त्यांनीं ‘कधींमधीं’ असें उत्तर दिलें. त्यावरून कागदावर शब्द उमटला ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’. तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, याचा अर्थ काय तो सांगा.” मीं सांगितलें, “मद्यामुळें न झालेला यकृताचा मेदविकार.” ते हंसून म्हणाले, “म्हणजे रात्रींचे दोन पेग निर्दोष सुटले!” त्यांच्याबरोबर मीही हंसलों. शब्दाचा अर्थ मीं बरोबर सांगितला होता. पण त्यावरून त्यांनीं काढलेलें अनुमान मीं खोडून काढलें नाहीं. सात वर्षांनीं त्यांच्या पोटांत पाणी झालें, आणि आज ते नाहींत. त्यानंतर मीं या शब्दाचा इतिहास शोधून वाचूं लागलों. तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मद्य आणि शरीर यांचा संबंध प्राचीनांना ठाऊक नव्हता असें नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ‘मदात्यय’ या विकारासाठीं एक स्वतंत्र अध्याय आहे. युक्तीनें घेतलेलें मद्य हितकर आणि अयुक्तीनें घेतलेलें घातक, असा त्याचा एकंदर अभिप्राय. उजव्या कुशींत यकृत वाढून होणारा उदररोगही आपल्या वैद्यांनीं वर्णिला आहे. परंतु मृताचें शरीर उघडून, हयातींत झालेला आजार आणि आंत दिसणारी विकृति यांची सांगड पद्धतशीरपणें घालण्याचें काम पुढें युरोपांत झालें.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडन शहर स्वस्त जिन दारूच्या पुरांत बुडालें होतें. तेथील वैद्यांच्या महाविद्यालयानें १७२६ सालीं पार्लमेंटकडे त्याविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें. सरकारनें १७३६ व १७५१ सालीं जिनविषयीं कायदे केले. अशा शहरांतल्या शवविच्छेदनांत मद्यप्यांचीं यकृतें वरचेवर पाहावयास मिळाल्यास नवल नाहीं. १७९३ सालीं मॅथ्यू बेली या वैद्यानें शरीराच्या विकृत रचनेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गांठींगांठींनीं भरलेल्या कठीण यकृताचें वर्णन करून, हा प्रकार विशेषेंकरून अति मद्यपान करणारांत आढळतो, असें त्यानें नमूद केलें. पुढें १८१९ सालीं स्टेथोस्कोपचा जनक लायनेक यानें या रोगाला ‘सिऱ्होसिस’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत पिंगट-पिवळ्या रंगाचा जो शब्द आहे त्यावरून तें आलें. म्हणजे जें नांव आज ऐकतांच घरांतलीं माणसें घाबरतात, तें मुळांत केवळ एका रंगाचें नांव आहे.

पण कठीण झालेलें यकृत ही या कथेची अखेर होय. तिचा आरंभ मेदानें होतो, आणि तो आरंभ ओळखण्यास आणखी कांहीं काळ जावा लागला. १८३६ सालीं लंडनच्या गाय रुग्णालयांतील थॉमस ॲडिसन यानें यकृताच्या मेदविकृतीवर निबंध लिहिला, आणि आपण पाहिलेल्यांपैकीं या विकृतीचा सर्वांत ठळक नमुना तीव्र दारूच्या अतिरेकानें झालेला होता, असें त्यांत सांगितलें. सहा वर्षांनीं, १८४२ सालीं, विल्यम बोमन यानें सूक्ष्मदर्शकाखालीं तेंच यकृत तपासलें. मेद यकृतावर लिंपलेला नसून प्रत्येक पेशींत थेंबाथेंबांनीं सांठलेला असतो, हें त्यामुळें दिसून आलें. आपण बोलतांना ‘यकृतावर चरबी’ म्हणतों. खरें पाहतां ती यकृताच्या आंत असते.

त्यानंतरच्या शतकांत हा प्रश्न वैद्यकाच्या हातून निसटून नीतीच्या हातीं गेला. दारू हा समाजाचा शत्रु ठरला, आणि तें योग्यही होतें. आपल्याकडे महात्मा फुले यांनीं १८८० सालीं, पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना, शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध तिच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलें. पुढें गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतला सुधाकर महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोंचला. मद्यपी म्हटला म्हणजे संसाराची राखरांगोळी करणारा सुधाकर, असें एक चित्र मनावर कोरलें गेलें. या चित्रानें पुष्कळांना सावध केलें. परंतु त्यानें एक अडचणही करून ठेवली. जो गटारांत पडत नाहीं, बायकोवर हात टाकीत नाहीं, पगार घरीं आणून देतो, तो स्वतःला मद्यपी समजेनासा झाला. यकृत मात्र माणसाची अब्रू विचारीत नाहीं. त्याच्याशीं मतलब फक्त मद्याच्या मापाचा.

तें माप राष्ट्राच्या हिशेबांतही दिसतें. अमेरिकेंत पुरुषांचे सिऱ्होसिसनें होणारे मृत्यु १९११ सालीं लाखाला २९.५ होते, ते १९२९ सालीं १०.७ वर आले. देशव्यापी दारूबंदी १९२० सालीं सुरू झाली. पण कांहीं राज्यांची स्वतःची बंदी व महायुद्धकाळचे निर्बंध त्यापूर्वींचेच असल्यामुळें हा उतार आधींच लागला होता, हेंही सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्समध्यें द्राक्षमद्याचें रेशनिंग झालें, आणि पॅरिस शहरांत या रोगाचे मृत्यु झपाट्यानें खालीं आले. रेशनिंग उठल्यावर ते पुन्हां चढले. वर्षानुवर्षें कठीण होत आलेलें यकृतसुद्धां मद्य थांबतांच कांहीं काळ तग धरतें, हें यावरून दिसतें.

आतां या इतिहासांतलें एक चमत्कारिक वळण पाहूं. ज्या १९४९ सालीं मुंबई इलाख्याच्या विधिमंडळानें दारूबंदीचा कायदा संमत केला, त्याच सालीं कॅनडांतल्या टोरॉंटो येथून एक प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचा प्रमुख कर्ता चार्ल्स बेस्ट. इन्शुलिनच्या शोधांत ज्यांचा वांटा होता तेच हे बेस्ट. त्यांनीं उंदरांच्या एका गटाला पाण्यांतून मद्य दिलें, आणि दुसऱ्या गटाला तेवढ्याच उष्मांकांची साखर दिली. दोन्ही गटांच्या यकृतांत मेद सांठला! अन्नांत कोलीन नांवाचें पोषक द्रव्य पुरेसें घातलें कीं दोन्हीही बचावले. यावरून निष्कर्ष निघाला तो असा, कीं मद्य हें यकृताचें विष नव्हे. तें साखरेसारखें पोकळ अन्न आहे, आणि दारुड्याचें यकृत बिघडतें तें उपासमारीनें.

हा निष्कर्ष बरींच वर्षें पाठ्यपुस्तकांत टिकला. त्यांत दोष असा होता कीं उंदराला मद्याचा तिटकारा असतो. पाण्यांत मिसळलेलें मद्य तो बेताचेंच पितो. न्यूयॉर्कमधील चार्ल्स लीबर या संशोधकानें ही खोच ओळखली. लिओनोर डिकार्ली या आपल्या सहकारिणीबरोबर त्यानें संपूर्ण पोषणाचें पातळ अन्न तयार केलें आणि मद्य त्यांतच मिसळलें. म्हणजे खावयाचें तर मद्य टाळतां येणार नाहीं, आणि पोषणांतही उणें राहणार नाहीं. १९६५ व १९६८ सालच्या प्रबंधांतून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, उत्तम आहार घेणाऱ्या माणसाच्याही यकृतांत मद्यानें थोड्याच दिवसांत मेद भरतो. १९७४ सालीं बबून जातीच्या माकडांवर केलेल्या प्रयोगांत, पोषण चांगलें असूनही कांहींना प्रत्यक्ष सिऱ्होसिस झाला. ‘चांगलें खाऊन प्यालें कीं बाधत नाहीं’ ही जी समजूत आपल्याकडे अजून ऐकूं येते, तिचा आधार तेव्हांच तुटला.

हें घडतें कसें, तें थोडक्यांत सांगतों. पोटांत गेलेलें मद्य सांठवून ठेवण्याची सोय शरीरांत नाहीं. म्हणून यकृत हातांतलें इतर काम बाजूला सारून आधीं त्याचा निकाल लावतें. या कामांत मद्याचें प्रथम असिटाल्डिहाइड नांवाचें विषारी द्रव्य बनतें आणि मग निरुपद्रवी असिटेट. परंतु या खटपटींत पेशीचा रासायनिक तोल असा ढळतो कीं मेद जाळण्याचें काम मंदावतें व नवा मेद बनविण्याचें काम वाढतें. चूल विझलेली आणि लांकडें मात्र येतच आहेत, अशी ही स्थिति. त्यांत मद्याच्या प्रत्येक ग्रॅमामागें ७ उष्मांक असतात, म्हणजे साखरेच्या जवळजवळ पावणेदोन पट. मद्याचा मारा वाढला कीं लीबर यानें शोधून काढलेली दुसरी एक रासायनिक यंत्रणा जोर धरते, आणि तिच्यांतून उडणाऱ्या ठिणग्यांनीं पेशींना इजा पोहोंचते. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, अतिरिक्त वजन व मधुमेह असलेल्या माणसाच्या मेदभरल्या यकृतांत हीच यंत्रणा मद्यावांचूनही उद्दीपित झालेली असते. म्हणजे दोन वाटांनीं येणारे चोर एकाच खिडकींतून आंत शिरतात.

ती दुसरी वाट ओळखली जाण्यास फार वेळ लागला, आणि त्यांत निरपराध माणसांवर अन्याय झाला. १९५२ सालीं सॅम्युएल झेलमन या अमेरिकन डॉक्टरानें लठ्ठ माणसांच्या यकृतांवर एक प्रबंध लिहिला. त्याला प्रेरणा झाली ती रुग्णालयांतल्या एका सेवकावरून. तो दिवसाला वीसाहून अधिक बाटल्या गोड पेयाच्या रिचवीत असे. परंतु या प्रबंधाकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. यकृतांत मेद व सूज दिसली कीं डॉक्टर दारूविषयीं विचारीत. रोग्यानें ‘मी शिवत नाहीं’ म्हटलें कीं तो खोटें बोलतो असें धरून चालत. शेवटीं १९८० सालीं अमेरिकेंतल्या मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग यानें २० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं बहुतेक स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता, आणि दारूचें व्यसन कोणालाच नव्हतें. तरी सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचीं यकृतें मद्यप्यांच्या यकृतांसारखींच दिसत होतीं. या रोगाला नांव नव्हतें. लुडविगनें तें दिलें, आणि त्याच्या आरंभीं शब्द घातला ‘नॉन-अल्कोहोलिक’.

श्रोतेहो, माझ्या मित्राच्या कागदावरचा शब्द तो हाच. न पिणाऱ्या माणसाला खोटारडेपणाच्या आरोपांतून सोडविण्यासाठीं तो जन्माला आला होता. हेतु न्यायाचा होता. पण नांव नकारार्थीं पडलें. रोग कशानें होतो हें न सांगतां, कशानें होत नाहीं एवढेंच तें सांगूं लागलें. त्यापुढें वैद्यकशास्त्रानें मेदविकाराचे दोन कप्पे केले. एकांत दारूचे रोगी, दुसऱ्यांत अन्नाचे. दुसऱ्या कप्प्याच्या संशोधनांतून बेताबाहेर पिणारांना वगळण्यांत येई. पण खरीं माणसें कप्प्यांत राहात नाहींत. जो बटाटेवडा खातो तोच संध्याकाळीं ग्लासही भरतो.

मध्यंतरीं कांहीं पाहण्यांतून असेंही निघालें कीं, अगदीं थोडें पिणाऱ्या मेदविकारी माणसांचीं यकृतें न पिणारांपेक्षां बरीं दिसतात. ही वार्ता पुष्कळांना गोड लागली. परंतु त्या पाहण्या एका क्षणाचें छायाचित्र होत्या. जे आजारी पडल्यामुळें पिणें सोडून बसले, तेही ‘न पिणारे’ म्हणून मोजले जाण्याचा धोका त्यांत असतो. पुढें त्याच त्या माणसांना कांहीं काळानें पुन्हां तपासलें तेव्हां, २०१८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत, बेतानें पिणारांचा मेद न पिणारांच्या मानानें कमीच उतरलेला आढळला. स्वीडनमध्यें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, एका बैठकींत पुष्कळ पिण्याची संवय आणि यकृतांतला कठीणपणा वाढणें यांचा संबंध दिसून आला होता. म्हणजे आठवडाभर उपवास करून शनिवारीं सर्व भरपाई करणारालाही सुटका नाहीं.

परंतु सर्वांत बोलका पुरावा २०१० सालीं स्कॉटलंडमधून आला. तेथें नऊ हजारांहून अधिक पुरुषांची १९६५ ते १९७३ या काळांत नोंद करून पुढें जवळजवळ तीस वर्षें त्यांची वाटचाल पाहण्यांत आली. न पिणाऱ्या व सडपातळ माणसाचा यकृतरोगानें मरण्याचा धोका १ धरला, तर आठवड्याला १५ किंवा अधिक ब्रिटिश मापें पिणाऱ्या सडपातळ माणसाचा धोका सुमारें ३ पट, वजन थोडें जास्त असलेल्याचा ७ पट, आणि लठ्ठ माणसाचा जवळजवळ १९ पट निघाला. पंधरा मापांपेक्षां कमी पिणाऱ्या लठ्ठांचाही धोका सुमारें ५ पट होता. ही बेरीज नव्हे. हा जवळजवळ गुणाकार आहे. १५ ब्रिटिश मापें म्हणजे १२० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आपल्या ६० मिलिलिटरच्या पेगांत मोजावयाचें तर आठवड्याला फक्त सहा पेग.

“पण आम्ही कोठें लठ्ठ आहोंत?” असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुण्यांतच मिळतें. मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील स्नेही जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांच्याही वजनाचा निर्देशांक अगदीं सारखा, २२.३, परंतु शरीरांतला मेद युडकिन यांचा शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांचा शेंकडा २१.२. बाहेरून किडकिडीत दिसणारा भारतीय आंतून मेदस्वी असूं शकतो. तेव्हां सायबाच्या मापानें स्वतःला सडपातळ ठरवून त्याच्याच मापानें पिणें, हा आपल्या बाबतींत दुहेरी हिशेबचुकीचा व्यवहार ठरतो.

अखेर २०२३ सालीं जगांतील प्रमुख यकृतवैद्यांच्या संस्थांनीं जुनें नकारार्थी नांव मोडीत काढलें. आतां वजन, मधुमेह, रक्तदाब व रक्तांतील मेद यांच्याशीं निगडित असलेल्या विकाराला चयापचयजन्य मेदविकार म्हणतात. त्यांत मद्याचा वांटा पुरुषाला आठवड्यास २१० ग्रॅमच्या आणि स्त्रीला १४० ग्रॅमच्या आंत असावा लागतो. पुरुषाच्या बाबतींत ४२० व स्त्रीच्या बाबतींत ३५० ग्रॅमच्या पलीकडे गेला कीं तो मद्यजन्य विकार. आणि या दोहोंच्या मध्यें प्रथमच एक तिसरा कप्पा आला, ज्यांत अन्न व मद्य या दोहोंचा हात मान्य केलेला आहे. हे आंकडे वर्गीकरणाचे आहेत, परवानगीचे नव्हेत. बेस्ट यांच्या १९४९ सालच्या पिंजऱ्यांत मद्याचे उंदीर आणि साखरेचे उंदीर शेजारीं शेजारीं होते; त्या दोघांना एका नांवाखालीं आणावयास ७४ वर्षें लागलीं.

माझे मित्र गणिताचे. त्यांचा हिशेब आतां मी करतों. आपल्याकडील व्हिस्कींत शेंकडा ४२.८ मद्यार्क असतो; म्हणून ६० मिलिलिटरच्या एका पेगांत सुमारें २० ग्रॅम. रोजचे दोन म्हणजे ४०, आठवड्याचे २८०. हा आंकडा बरोबर मधल्या कप्प्यांत पडतो. ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द त्यांना कधींच लागू नव्हता. बीअरला निरुपद्रवी समजणारांनींही जाणावें कीं ६५० मिलिलिटरच्या साध्या बाटलींत सुमारें २५ ग्रॅम मद्यार्क असतो, आणि कडक बीअरमध्यें त्याहून बराच अधिक.

या इतिहासांतून आपल्या घरासाठीं जें निघतें तें असें. सोनोग्राफींत यकृताचा मेद दिसला, तर ‘दारूनें कीं अन्नानें’ हा वाद घालीत बसूं नये. दोन्ही बाजूंनीं खर्च कमी करावा. डॉक्टरांनीं विचारलें कीं ‘कधींमधीं’ हें उत्तर देऊं नये. किती मिलिलिटर आणि आठवड्यांतून किती दिवस, तें सांगावें. सोनोग्राफीच्या ‘ग्रेड’वरून यकृत कितपत कठीण झालें हें कळत नाहीं, त्यासाठीं वेगळी तपासणी असते, तिच्याविषयीं विचारावें. जो वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पीत आला आहे त्यानें मात्र एका रात्रींत स्वतःच्या मनानें थांबूं नये. त्यांत झटके येण्याचा धोका असतो, म्हणून वैद्यांच्या देखरेखीखालीं सोडावी. आणि धीर देणारी गोष्टही याच इतिहासानें सांगितली आहे. कठीण होण्यापूर्वींचें यकृत क्षमाशील असतें. मद्य थांबवल्यास केवळ मद्यामुळें भरलेला मेद कांहीं आठवड्यांत उतरूं लागतो. वजन शेंकडा ७ ते १० नीं घटवल्यास अन्नानें आलेला मेद व सूजही बहुधा ओसरते.

माझ्या मित्राला त्या दिवशीं एवढें सांगतां आलें असतें, तर त्याच्याजवळ सात वर्षें होतीं. शाळेंत मुलांना मी सांगत असें कीं शब्दाचा अर्थ एकटा पाहूं नये, तो वाक्यांत पाहावा. त्या कागदावरचा शब्द मात्र मीं एकटाच वाचला. पुढ्यांत बसलेला माणूस मीं वाचला नाहीं. आपल्या घरांत असा कागद आला, तर आपण तरी दोन्ही वाचावेत, एवढीच विनंती.